पाच अंश खाली, पाच अंश वर

शाळेत तिला सगळे वायरमावशी म्हणत. नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण तिला ते आवडायचं. झाडूमावशीपेक्षा ते केव्हाही बरं, असं तिचं म्हणणं. झाडूमावशी म्हणून तिनं त्याच शाळेत आठ वर्षं काढली होती, त्यामुळे तिच्या म्हणण्याला वजन होतं.

त्या आठ वर्षांत दुसऱ्या मजल्याचा कॉरिडॉर, दोन जिने आणि टोकाची विज्ञानाची प्रयोगशाळा एवढा तिचा मुलूख होता. बाकीच्या खोल्यांचा केर एकसारखा. खडूचे तुकडे, कागदाचे बोळे, पेन्सिलींची सालं. प्रयोगशाळेच्या केरात मात्र तारेचे तुकडे निघत. काही लालसर, तांब्याचे. काही करडे आणि ताठ. ती केर भरायच्या आधी हे तुकडे वेचायची आणि तिथल्याच टेबलाच्या अगदी खालच्या खणात ठेवून द्यायची.

प्रयोगशाळेचं सामान सांभाळायला तेव्हा एक उतारवयाचे गृहस्थ होते. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. एकदा काहीतरी शोधताना त्यांनी तो खालचा खण ओढला, तर आत सहा रिकाम्या काडेपेट्या आणि प्रत्येकीत तारेचे तुकडे. त्यांनी तिला हाक मारली.

“हा उद्योग तुझा?”

“हो. तार कचऱ्यात टाकवत नाही. आमच्याकडे वीतभर दोरा उरला तरी ठेवतात.”

तिचा नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं मशीन, मागच्या दोन खोल्यांत संसार.

“ठेवलीस ते ठेवलीस, पण जाडीप्रमाणे वेगळी कुणी केली?”

“मीच.”

“कशानं मोजलीस?”

“बोटांनी. दोऱ्याची जाडी बोटांनाच कळते की.”

मिस्त्रींचा विश्वास बसेना. त्यांनी तारेची जाडी मोजायचं स्क्रूगेज काढलं, चष्मा नाकावर घेतला आणि सहाही पेट्या टेबलावर उलट्या केल्या. अर्धा तास त्यांचं मोजणं चाललं होतं. एवढ्या सगळ्या तुकड्यांत दोनच चुकीच्या पेटीत निघाले. त्यांनी एक पेन्सिल आणि हातभर करडी तार तिच्यापुढे ठेवली. “ही हिच्याभोवती गुंडाळ. वेढ्याला वेढा लागता कामा नये, आणि दोन वेढ्यांतलं अंतर सगळीकडे सारखं हवं.”

नवऱ्याच्या मशीनच्या बॉबिनी भरून भरून तिचा हात बसलेला होता. तिनं बोलता बोलता गुंडाळी करून दिली. मिस्त्रींनी ती उजेडाकडे धरून पाहिली आणि एवढंच म्हणाले, “माझी नोकरी दोन वर्षं उरलीय. उद्यापासून झाडून झालं की अर्धा तास इथं बसत जा.”

दोन वर्षं ती तो अर्धा तास बसली. मिस्त्रींनी तिला तारांच्या जोडाला कथलाचा डाग द्यायला शिकवलं, मीटरचा काटा शून्यावर आणायला शिकवलं, फुटलेल्या थर्मामीटरमधला पारा हातानं उचलायचा नाही हे बजावून सांगितलं. निवृत्तीच्या महिन्यात ते मुख्याध्यापकांकडे गेले. “माझ्या जागी हिला घ्या. शिक्षण सातवी आहे, पण हात पदवीधराचे आहेत.” मुख्याध्यापकांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या आणि मग होकार दिला. मिस्त्रींचा विषय निघाला की ती अजूनही हातातलं काम बाजूला ठेवून बोलते.

आता त्या प्रयोगाविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच घडलं.

नववीच्या मुलांना दर वर्षी एक प्रयोग असे. तांब्याचं एक लहान भांडं, ते लाकडी पेटीत बसवलेलं, मधल्या पोकळीत कापूस. भांड्यात दोनशे ग्रॅम पाणी घ्यायचं. त्यात करड्या तारेची गुंडाळी बुडवायची आणि तिच्यातून बरोबर बारा मिनिटं वीज सोडायची. तार विजेला अडवते, त्या अडवण्यात तापते आणि पाणी गरम होतं. किती वीज गेली हे मीटरवर दिसतं, पाणी किती तापलं हे थर्मामीटरवर. गणित सांगे की पाणी दहा अंश तापायला हवं. आणि ते बरोबर दहा अंश सहसा तापत नसे. कधी सव्वानऊ, कधी नऊ. गच्चीवरच्या टाकीचं कोमट पाणी घेतलं तर साडेआठवर गाडी अडायची.

तेव्हाचे शिक्षक म्हणजे मोठे सर. माणूस देवासारखा, पण आकड्यांच्या बाबतीत हात सैल. “आलंय जवळपास,” असं म्हणून ते वहीवर सही करत. मुलंही मग सरळ दहाच लिहीत. उलट्या बाजूनं गणित करून आधीचे आकडे जुळवून आणण्यात एकेकाचा हातखंडा होता.

मागच्या बाकावर बसून वायरमावशी हे पाहायची. मोठे सर तिला तास ऐकू देत. तू इथं कशाला, असं त्यांनी कधी विचारलं नाही आणि याबद्दल तिला त्यांचं फार अप्रूप वाटे. पण ते ‘जवळपास’ तिला टोचायचं. शिंप्याच्या घरात जवळपास चालत नाही. बाही अर्धा इंच जवळपास निघाली तर गिऱ्हाईक शर्ट टेबलावर टाकून निघून जातं.

एका थंडीत तिच्या लक्षात आलं की सकाळच्या तुकडीचं उत्तर दुपारच्या तुकडीपेक्षा बरं येतं. भांडी तीच, गुंडाळ्या तिच्याच हातच्या. मग फरक कशाचा? सकाळी टाकीला पाणी आलेलं नसे म्हणून ती कॉरिडॉरमधल्या माठातलं पाणी भरायची. दुपारी टाकीचं. एवढाच काय तो फरक.

तिनं एक जुनं हजेरीपुस्तक घेतलं. मागच्या कोऱ्या पानांवर रेघा मारल्या. तारीख, तुकडी, पाणी माठाचं की नळाचं, सुरुवातीला पाणी किती, शेवटी किती, आणि भिंतीवरच्या थर्मामीटरमध्ये खोली किती. शेवटच्या रकान्यात उत्तर. मुलं आपापल्या वह्यांत काही का जुळवेनात, ती स्वतः थर्मामीटरवर वाकून खरा आकडा बघायची आणि तोच टिपायची. अशी तीन वर्षं गेली. या तीन वर्षांत तिनं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. लपवायचं म्हणून नव्हे. सांगण्याजोगं काही हाती लागलंय की नाही याचीच तिला खात्री नव्हती.

आणि मग एका दुपारी नवऱ्याच्या बॉबिनी भरता भरता तिच्या डोक्यात प्रकाश पडला. हातातली बॉबिन तशीच ठेवून ती उठली. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडून पाहिलं तर खरंच तसं होतं. खोली अठ्ठावीस असेल तर पाणी तेवीसला सुरू करावं, म्हणजे ते तेहतिसाला थांबतं. खोलीच्या पाच अंश खाली सुरुवात, पाच अंश वर शेवट. अशा दिवशी उत्तर चोख यायचं. त्याहून गार पाणी घेतलं की उत्तर दहाच्या वर जायचं, त्याहून कोमट घेतलं की खाली राहायचं.

त्या दिवसापासून ती प्रत्येक गटाचं पाणी स्वतः भरून देऊ लागली. माठातलं पाणी जास्तच गार असलं तर चमचाभर नळाचं घालायची, थर्मामीटर बुडवायची, बरोबर पाच अंश खाली आणायची आणि मगच भांडं मुलांच्या हातात द्यायची. पुढची नऊ वर्षं त्या शाळेत पाणी नऊ पूर्णांक नऊ अंश तापत राहिलं. आकडे जुळवायची कुणाला गरजच उरली नाही. मोठे सर निवृत्तीच्या भाषणात म्हणाले, “आमच्या प्रयोगशाळेसारखी उत्तरं पंचक्रोशीत येत नाहीत.” ती मागे उभी राहून टाळ्या वाजवत होती.

मोठ्या सरांच्या जागी ज्या बाई आल्या त्या तिशीच्या आतल्या, बोलायला थोड्या, आणि डोळ्यांनी फार बघणाऱ्या. पहिल्याच महिन्यात त्यांनी पाहिलं की आठच्या आठ गटांचं उत्तर चोख आलं आहे. त्यांनी कपाळावर हात मारला नाही की शाबासकीही दिली नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर त्या एकट्याच थांबल्या, नळाचं पाणी घेतलं आणि प्रयोग केला. नऊ पूर्णांक एक. पुन्हा केला. नऊ पूर्णांक दोन. सोमवारी मुलांचं उत्तर पुन्हा नऊ पूर्णांक नऊ.

“मावशी,” त्यांनी विचारलं, “पाणी तुम्ही स्वतःच का भरून देता? मुलांना आणू द्या की.”

सातवी शिकलेल्या बाईनं विज्ञानात दोन पदव्या घेतलेल्या बाईंना पाण्याचं शहाणपण काय सांगायचं? आणि ‘असं का होतं’ म्हणून त्यांनी विचारलं तर? ते तर तिला माहीतच नव्हतं. ती म्हणाली, “सवय आहे बाई.”

हे उत्तर बाईंना अगदी चोराच्या मनातल्या चांदण्यासारखं वाटलं. थर्मामीटरची खूण हलवते का, गुंडाळीत काही करते का, कोण जाणे. मुलांना खोट्या आकड्यांची सवय लागावी हे त्यांना सहन होणारं नव्हतं. त्यांनी मुख्याध्यापकांना चिठ्ठी लिहिली. मुख्याध्यापकांनी मावशीला बोलावलं आणि म्हणाले, “चौकशी होईपर्यंत तुम्ही खाली घंटेवर बसा. प्रयोगशाळेत जाऊ नका.”

ती घरी आली ती सरळ मागच्या खोलीत गेली. नवऱ्यानं मशीन थांबवलं आणि तिच्या मागोमाग आला.

“काय झालं गं?”

“घंटेवर बसवलंय.”

“घंटेवर? म्हणजे उद्यापासून अख्खी शाळा तुझ्या हातावर चालणार. मुख्याध्यापकसुद्धा.”

ती हसली नाही. तो तिच्याजवळ जमिनीवर बसला. “तू काही चुकीचं केलंस का?”

“नाही.”

“मग झालं तर. शिलाई सरळ असली की उलटी करून बघू द्यावी, कुणालाही.”

तिला रडू आलं ते यानंतर. पण सकाळी उठली तेव्हा छातीवरचं ओझं थोडं हलकं झालं होतं, आणि याचं श्रेय ती आजही नवऱ्याला देते. तो म्हणतो, “मी फक्त बसलो होतो.”

आठवडाभर तिनं घंटा वाजवली. एकदाही अर्धा मिनिट इकडचं तिकडं झालं नाही.

वर प्रयोगशाळेत मात्र बाईंच्या नाकीनऊ आले होते. दुसऱ्याच दिवशी एका गटानं गुंडाळी पाण्यात बुडवायच्या आधीच बटण दाबलं. तार लाल झाली आणि तुटली. बाई नवी गुंडाळी करायला बसल्या. पहिलीचे वेढे एकमेकांना चिकटले, दुसरी सैल पडली, तिसरी पेन्सिलीवरून काढताना सरळ तार होऊन हातात आली. गुंडाळायला जाड पेन्सिल हवी म्हणून त्यांनी टेबलाचे खण धुंडाळले, आणि खालच्या खणात जुन्या कापडात गुंडाळलेलं ते हजेरीपुस्तक निघालं.

आधी त्यांना वाटलं, फसवणुकीचा हिशेब इथंच सापडला. त्या उभ्या उभ्या पानं उलटू लागल्या. मग स्टूल ओढून बसल्या. तीन वर्षांच्या नोंदी. अक्षर गोल, शाळकरी. ‘उत्तर’च्या रकान्यात कुठं नऊ, कुठं साडेआठ, कुठं दहाच्या वर, जसं आलं तसं. एकही आकडा खोडून सुधारलेला नव्हता. चुकलेल्या ओळीवर सरळ रेघ मारून शेजारी लिहिलं होतं, ‘ढवळायचं राहिलं, धरू नये.’ आणि शेवटच्या पानावर एकच परिच्छेद होता: ‘भिंतीच्या जितकं खाली चालू, तितकंच वर बंद. मग बरोबर येतं. का ते माहीत नाही. सरांना विचारायचं.’

खालची जागा कोरी होती. सरांना विचारायचं राहून गेलं होतं, नाहीतर धीर झाला नव्हता.

बाईंनी कॉरिडॉरमधल्या माठातून पाणी आणलं. खोली अठ्ठावीस होती. पाणी तेवीसवर आणलं. उरलेल्या एका धड गुंडाळीतून बारा मिनिटं वीज सोडली, ढवळत राहिल्या, आणि थर्मामीटरवर वाकल्या. बत्तीस पूर्णांक नऊ.

त्या जिना उतरून खाली आल्या तेव्हा मधल्या सुट्टीची शेवटची मिनिटं चालली होती. वायरमावशी हातोडी घेऊन घड्याळाकडे पाहत उभी होती. बाईंच्या हातात ते हजेरीपुस्तक दिसलं आणि तिची पाचावर धारण बसली.

“मावशी, मला तुमच्याशी बोलायचंय.”

“दोन मिनिटं थांबा बाई. सुट्टी संपायचीय.”

बाई थांबल्या. घंटा झाली, मुलं वर्गांकडे पळाली, पटांगण रिकामं झालं. मग दोघी घंटेच्या ओट्यावर बसल्या.

“मला वाटलं होतं तुम्ही थर्मामीटरमध्ये काहीतरी करता,” बाई म्हणाल्या. “मी तसं लिहूनही दिलं. मी चुकले.”

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“तुम्ही मला सांगितलं का नाहीत?”

“तुम्ही विचारलं असतं, का? मग मी काय सांगणार होते?”

बाईंनी शेवटचं पान उघडलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. “हे तुम्ही सरांना विचारणार होतात.”

“हो. राहिलं ते. नऊ वर्षं झाली.”

“मला माहीत आहे. सांगू?”

वायरमावशीनं मान वर केली. तिला नंतर कुणीही विचारलं, तुझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस कुठला, तर ती लग्नाचा सांगत नाही, नोकरी लागल्याचाही सांगत नाही. ती म्हणते, घंटेच्या ओट्यावरची ती दहा मिनिटं.

बाई सांगू लागल्या. “पाणी खोलीपेक्षा गरम झालं की खोलीला उष्णता देऊन बसतं. म्हणून मुलांचं उत्तर कमी येतं. थोडी उष्णता भांड्याबाहेर पळालेली असते. पण पाणी खोलीपेक्षा गार असलं तर उलटं. मग ते खोलीकडूनच उष्णता घेतं. तुम्ही पाच अंश खालून सुरू केलं. पहिली सहा मिनिटं पाणी खोलीकडून घेत राहिलं, पुढची सहा मिनिटं खोलीला देत राहिलं. जेवढं घेतलं…”

“तेवढंच दिलं,” वायरमावशी म्हणाली. “फिटंफाट.”

“फिटंफाट.”

तिनं पुस्तक आपल्याकडे ओढून ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाली, “म्हणजे भांड्यात खोली पण होती. मी आपली पाणी आणि तार एवढंच बघत होते.”

“ही पद्धत मोठ्या पुस्तकांत आहे,” बाई म्हणाल्या. “कॉलेजात असताना मी ती एका ओळीत वाचली होती. परीक्षेला येत नाही म्हणून पुढे गेले. तुम्ही ती कुणी न सांगता काढलीत, मावशी.”

त्याच तासाला बाई तिला घेऊन मुख्याध्यापकांकडे गेल्या. “सर, माझी चिठ्ठी मला मागे घ्यायची आहे. आणि का घेतेय तेही लिहून द्यायचं आहे, म्हणजे फाइलमध्ये दोन्ही राहील.” मुख्याध्यापकांनी दुसरी चिठ्ठी दोनदा वाचली, हजेरीपुस्तक चाळलं आणि मावशीला म्हणाले, “आठवडाभर घंटा अगदी वेळेवर झाली हो. आता ती पुन्हा मागेपुढे होणार.” तेवढ्यावर तो विषय मिटला.

तिच्या जिवात जीव आला. पण बाई तिथं थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या. पुढच्या आठवड्यात नववीच्या तासाला त्यांनी सरळ फळ्यासमोरची जागा सोडली आणि म्हणाल्या, “आज पाणी का तापतं ते मी सांगितलं. त्यातली उष्णता कुठे पळते ते मावशी सांगतील.”

चाळीस मुलं तिच्याकडे बघत होती. हातातला खडू घामानं ओला झाला. तिनं फळ्यावर काही लिहिलं नाही. तिनं दोन भांडी टेबलावर मांडली, एक टाकीच्या पाण्याचं, एक माठाच्या, आणि मुलांना त्यात बोट बुडवायला लावलं. “यातलं खोलीला देणारं कोणतं आणि खोलीकडून घेणारं कोणतं ते आधी ओळखा,” ती म्हणाली. एका मुलीनं दोन्हींत बोटं बुडवली, थोडा विचार केला आणि विचारलं, “मग खोलीइतकंच पाणी घेतलं तर? सुरुवातीला ना देणं ना घेणं?”

“सुरुवातीला नाही. पण तार तापायला लागली की पाणी वरच जाणार. मग देणंच देणं.” हे सांगताना तिला स्वतःलाच ते अधिक कळलं. नंतर ती बाईंना म्हणाली, “शिकवताना कळतं हे मला ठाऊक नव्हतं.” बाई म्हणाल्या, “मलाही दुसऱ्या वर्षी कळलं.”

त्या वर्षी प्रयोगाची जी नवी माहितीपत्रकं छापली गेली त्यांत कृतीची तिसरी पायरी वेगळी होती. पाणी खोलीच्या पाच अंश खाली घ्यावे. पानाच्या तळाला बारीक टाइपात लिहिलं होतं, ही कृती आमच्या प्रयोगशाळेत कुणी बसवली, आणि पुढे तिचं पूर्ण नाव. नवऱ्यानं ते पान मशीनच्या समोरच्या भिंतीवर मापाच्या तक्त्याशेजारी लावलं. गिऱ्हाइकं विचारत आणि तो सांगत बसे. पायजम्याच्या मापाला आलेला माणूस पाण्याचं तापमान ऐकून घरी जायचा.

एक पान घेऊन ती मिस्त्रींकडे गेली. ते लेकीच्या घरी राहत. कान गेले होते, नजर शाबूत होती. त्यांनी पान वाचलं, तिसरी पायरी पुन्हा वाचली आणि म्हणाले, “थंडीत उत्तर बरं यायचं हे मलाही दिसलं होतं. म्हणून मी दर वर्षी सांगायचो, परीक्षा थंडीत ठेवा.”

ती त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाली, “मला तुम्ही बसवलंत तिथं, म्हणून झालं हे.”

“मी तुला गुंडाळी करायला बसवलं होतं,” मिस्त्री म्हणाले. “बाकीचा आगाऊपणा तुझा.” आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून खूप वेळ तो काढलाच नाही.

गेल्या वर्षी आसपासच्या शाळांतल्या विज्ञानशिक्षकांचं दोन दिवसांचं शिबिर भरलं. बाईंना बोलावणं होतं. त्यांनी कळवलं की मी एकटी येणार नाही. दोघी बसनं गेल्या. तांब्याची चार भांडी वायरमावशीच्या मांडीवर, कारण ती सामानाच्या फळीवर ठेवायला तिचा जीव होईना. बसमधून उतरताना बाई म्हणाल्या, “घाबरू नका.” ती म्हणाली, “घाबरले नाही. पाय बधिर झालेत.”

पंचवीस-तीस शिक्षक होते. प्रयोग झाला. चारही भांड्यांत पाणी नऊ पूर्णांक नऊच्या आसपास चढलं आणि टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतले एक वयस्क शिक्षक उठले. त्यांचा आवाज अगदी शांत होता.

“ताई, सगळं छान. पण गणित दहा म्हणतं आणि तुमचं नेहमी नऊ पूर्णांक नऊ येतं. तो एक दशांश कुठे जातो?”

सभागृहात हशा पिकला. बाई उत्तर द्यायला पुढे सरसावल्या, पण वायरमावशीनं त्यांच्याकडे पाहून मान हलवली.

“ते मला अजून सापडलं नाही, सर,” ती म्हणाली. “तुम्हाला काय वाटतं?”

ते शिक्षक म्हणाले, गुंडाळीला जोडलेल्या जाड तारांतून उष्णता बाहेर जात असेल. कुणी म्हणालं, वाफ. कुणी म्हणालं, थर्मामीटर स्वतःच थोडी खातो. तिनं पिशवीतून वही काढली, बाकावर बसली आणि एकेक मुद्दा लिहून घेऊ लागली. शिक्षक तिच्याभोवती गोळा झाले, आपापसांत वाद घालू लागले, आणि चहा आला तरी कुणी उठेना.

परतताना बसमध्ये जागा मिळाली. बाईंचा डोळा लागला होता. वायरमावशी ती वही उघडून पुन्हा वाचत होती. दोन पदव्या घेतलेली माणसं तिला कारणं सांगून गेली होती, आणि त्यांतलं कुठलं खरं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते आता तिला करून बघायचं होतं. तिची नोकरी अजून चार वर्षं होती. पहिल्यांदा जाड तारा बदलून बघू, तिनं ठरवलं. आणि मनातल्या मनात ती ज्यांचं ज्यांचं देणं लागत होती त्यांची आठवण काढत राहिली, आपला थांबा येईपर्यंत.